परत आलेले कॅन

१२ सप्टेंबर २०२१, रविवार

पशुखाद्य कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडून होती. आजपासून लिहितो आहे. हौस म्हणून नाही. घरात आणि केंद्रावर काही गोष्टी चालल्या आहेत, त्या तारखेनिशी लिहिलेल्या बऱ्या. हल्ली माझ्या डोक्यात राहत नाही. काल फॅटचा आकडा बघितला आणि वहीत उतरवेपर्यंत विसरलो.

आमची वाडी भोंगवलीपासून दोन किलोमीटरवर. वाडीच्या दूध संकलन केंद्राचा मी तेवीस वर्षे सचिव आहे. पत्नी साळूबाई ९ मे रोजी करोनाने गेली. मुलगा धनाजी शिरवळला कंपनीत आहे, तिथेच खोली करून राहतो, रविवारी येतो. घरात मी आणि सून अश्विनी, दोघेच.

आज गावात गौरी आल्या. आमच्याकडे यंदा सण नाही. अश्विनीने पिठले केले होते. मीठ लागले, तिखट लागले, बाकी काहीच लागले नाही. लसूण घातलास का विचारले तर म्हणाली, "घातलाय की मामा, सहा पाकळ्या." सहा पाकळ्या घातलेले पिठले मला कळत नाही असे तिला वाटते काय?

शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, "मानूस गेल्यावर तोंडाची चव जातीच, आनंदराव. आमचं ह्ये गेलं तवा वरीसभर मला भाकरी मातीवानी लागायची." ते खरे आहे. साळू गेल्यापासून मला कशाचीच चव नाही. तरीही लसूण तो लसूण.

१५ सप्टेंबर

अश्विनी अकरा वाजता दार लोटून झोपते. उठते ती दीड-दोनला. सगुणाबाईंनी आज विचारलेच, "सून दिवसा झोपती व्हय?" हापशावरून अर्धाच हंडा आणते आणि उंबऱ्यात बसून धापा टाकते. सव्वीस वर्षांची मुलगी. माझे वय त्रेपन्न. केंद्राच्या चढाला मीही आता दोनदा थांबतो, पण ते वयाने.

एक गोष्ट कुणाशी बोललो नाही ती लिहितो. मे महिन्यात साळू आणि अश्विनी दोघींना एकाच दिवशी एकाच गाडीतून कोविड सेंटरला नेले. एकीला बेड खिडकीशी मिळाला, एकीला दाराशी. एक घरी आली, एक आली नाही. मला दोन दिवस नुसती कणकण होती, तपासायलाही वेळ नव्हता. तिकडे आत काय झाले ते मी बघितलेले नाही. अश्विनीने सांगितले तेवढेच मला ठाऊक आहे, आणि तिने फार थोडे सांगितले.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक कॅन परत आला. चाळीस लिटर. आमचे दूध जाते त्या शीतकरण केंद्राची चिठ्ठी: आंबट.

तेवीस वर्षांत असे तीनदा झाले असेल, तेही मी रजेवर असताना. आमच्या कामाची रीत साधी आहे. माणूस किटली घेऊन येतो, मी झाकण उघडून वास घेतो, मग माप, मग नमुना, मग कॅनमध्ये. एक आंबट किटली गेली की चाळीस लिटरचे वाटोळे, म्हणून वास पहिला. दुसरीकडे चमच्यात दूध उकळून बघतात. मला कधी चमचा लागला नाही. म्हैस काय खाऊन आली, तेसुद्धा मी सांगत असे.

सकाळी प्रत्येक किटलीचा वास मी स्वतः घेतला. एकही वाईट नव्हती. म्हणजे दूध माझ्याकडून गेल्यावर बिघडले. किंवा कॅन नीट धुतला नव्हता. कॅन अश्विनी धुते.

२० सप्टेंबर, सोमवार

हे लिहायला अवघड जाते आहे.

गाडी आली त्या दिवशी साळूने नेसते लुगडे बदलले होते. ते मी न धुता घडी करून तिच्या पेटीत खाली ठेवले होते. कुणाला सांगितले नव्हते. चार महिने पेटी उघडली नाही, उघडून उघडून वास उडून जाईल म्हणून. आज धीर केला.

लुगड्याला काहीही वास नाही. तिच्या डोक्याच्या तेलाचा नाही, चुलीच्या धुराचा नाही, तिचा नाही. तोंड खुपसून बघितले. दुकानातून आणलेल्या कापडासारखे.

कोणीतरी धुतले आहे.

अश्विनीला विचारले. ती म्हणाली, "नाही हो मामा, पेटीला मी हात पण लावला नाही." मग माझ्याकडे एकटक बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काहीच वास नाही? जराही?" या विचारण्याचा मला राग आला. धुणाऱ्याला ठाऊक असणारच की. मी बाहेर जाऊन बसलो.

२५ सप्टेंबर

काल पुन्हा एक कॅन परत.

आज वेगळाच प्रकार. अश्विनी दूध चुलीवर ठेवून परड्यात गेली. मी शेजारीच वही घेऊन बसलो होतो. ती पळत आली, दम लागलेला, आणि पातेले उतरवले. तळ पार काळा. घरभर धूर होता म्हणे. पाठ चुलीकडे होती, मला कसे दिसणार? चूक तिची, आणि ती माझ्याकडे बघते आहे, बोलत काही नाही. डोळ्यांत पाणी आणले तिने. हिला रडायला काय झाले?

२८ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी सहाला अश्विनी केंद्रावर हजर. म्हणाली, "डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलंय मामा, म्हणून आले." चढावर तीन ठिकाणी बसली. केंद्रात मात्र पायरीवर बसून बायकांच्या किटल्या हातात घेऊ लागली, झाकणे उघडून माझ्यापुढे सारू लागली. "द्या काकी, मी देते मामांकडं." मी नको म्हणालो नाही. चारचौघांत काय बोलणार.

२ ऑक्टोबर

पाच दिवस ती येते आहे. आज एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. कोंडिबाची किटली तिने उघडली, लगेच झाकली, आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. कोंडिबा म्हणजे वाडीतला सगळ्यात भांडखोर माणूस. पावशेर माप कमी भरले तरी चावडीवर जाईल. तो निमूट किटली घेऊन परत गेला.

मी विचारले, "का गेला रे तो?" तर रांगेतला हरेक जण दुसरीकडे बघू लागला.

अध्यक्ष हनुमंतराव गेल्या महिन्यात बोलले होते की पुढेमागे सगळे कॉम्प्युटरवर जाणार, शिकलेले पोर बघावे लागेल. अश्विनी बारावी आहे. हे तिच्या कानावर गेले असणार.

७ ऑक्टोबर, गुरुवार

शांतपणे विचार केला. अश्विनी केंद्रावर यायला लागल्यापासून एकही कॅन परत आलेला नाही. त्याआधी आठ दिवसांत दोन आले. आता तिला हवे ते मिळाले म्हणून दूध बिघडत नाही. म्हणजे आधी बिघडवणारा कोण, हे वेगळे सांगायला नको.

साळू असती तर तिला सांगितले असते. ती म्हणाली असती, तुम्हाला जिकडेतिकडे चोर दिसतो. म्हणाली असती खरी. पण तिचे लुगडेच धुतले गेले आहे.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आज तिला सांगून टाकले.

"उद्यापासून केंद्रावर यायचं नाही."

ती कणीक मळत होती. हात थांबला. "का मामा?"

"घरातलं बघ आधी. दुपारी झोपायला वेळ मिळतो, तिकडं चढ चढायला बळ येतं."

"मला येऊ द्या. फक्त सकाळच्याला. मी काही बोलत नाही कुणाशी."

"तेच म्हणतोय मी. काय बोलतेस कुणाशी, ते मला सांगत नाहीस."

ती काहीतरी बोलणार होती. ओठ उघडले होते. मग खाली बघून कणीक मळू लागली. खरे असते तर बोलली असती.

१६ ऑक्टोबर, शनिवार

दोन कॅन परत. ऐंशी लिटर. उन्हाचा तडाखा आहे हे कबूल, पण ऐंशी लिटर!

हनुमंतराव केंद्रावर आले. फार काही बोलले नाहीत. "आनंदराव, तुमच्या नाकावर आमी डोळं झाकून चालतो. पर ह्ये असं किती दिस?" मला जमिनीत गडप व्हावेसे झाले.

कॅन मी स्वतः धुतले होते. म्हणून आता कळत नाही. पण तिला मनाई केल्याला चार दिवस झाले आणि हे घडले, एवढे मला दिसते.

१७ ऑक्टोबर, रविवार

धनाजी आला होता. त्याला म्हणालो, अश्विनीला महिना-दोन महिने माहेरी हिर्डोशीला धाडू, विश्रांती मिळेल.

धनाजी म्हणाला, "अण्णा, रस्त्यापासून त्यांचं घर पाऊण तासाचा चढ हाय. हिला हापशापासून दम लागतो. तिथं ना दवाखाना, ना धड एसटी. इश्रांती कसली?"

"आईच्या हाताखाली बरं वाटेल."

"काय झालंय नेमकं? भांडलाय का तुमी?"

"मी कधी भांडतो?"

मी भांडत नाही हे खरेच आहे. विश्रांती हे मी तोंडदेखले म्हणालो, हेही खरे आहे. ती समोर नसावी असे वाटते. ती समोर आली की मला खिडकीजवळचा बेड आणि दाराजवळचा बेड आठवतो.

१९ ऑक्टोबर

अश्विनीचा भाऊ गोरख याला फोन केला. हिर्डोशीला रेंज नसते, चौथ्यांदा लागला. बहिणीला न्यायला ये म्हणालो. भात कापून झाले की येतो म्हणाला. अश्विनीला संध्याकाळी सांगितले. तिने फक्त "बरं" म्हटले.

२७ ऑक्टोबर

नवीन चाल. अश्विनी दुपारी झोपायच्या ऐवजी वाडीत घरोघर जाते. मी खिडकीतून बघितले. एका उंबऱ्यावर बसते, दम घेते, बोलते, पुढच्या उंबऱ्यावर. सहा घरे केली. येताना चेहरा पांढराफटक होता आणि उरलेला दिवस पडून होती. जायच्या आधी माझ्याविरुद्ध गाव उठवून जाणार, दुसरे काय?

३१ ऑक्टोबर, रविवार

केंद्रावर माझी नक्कल चालली आहे. आता जो तो आधी आपल्याच किटलीत नाक घालतो आणि मग मला देतो. बायकासुद्धा. सगुणाबाई तर आज झाकण उघडून एवढा मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, "घ्या आनंदराव, डोळं झाकून घ्या." मागे कोणी तरी हसले. मी वास घेतला, माप घेतले, लिहिले. कुणाच्या तोंडाकडे बघितले नाही.

कॅन परत येत नाहीत. पण त्याचा मला आनंद होत नाही. माझ्या पाठीमागे काहीतरी ठरलेले आहे, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे.

४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. आमच्याकडे नाही. सगुणाबाईंनी ताट पाठवले. चकली कडक होती एवढे कळले.

९ नोव्हेंबर

एसटीचा संप. भोर आगारातून एक गाडी सुटत नाही. गोरखचे येणे लांबले. अश्विनीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. रोज ती पिशवी ओलांडून मी केंद्रावर जातो.

आज ती केस विंचरत होती. फणीत मूठभर केस आले. तिने गुंडाळी करून पटकन पदराखाली धरली. मी बघितले नाही असे दाखवले.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

काय घडले ते क्रमाने लिहितो.

गोरख काल संध्याकाळी आला. भोरपर्यंत वडापची जीप, पुढे कुणाच्या मोटारसायकलवर. खांद्यावर नाचणीचे पोते. तोंड बंद म्हणून राहत नाही. "संपात एकच बरं झालं मामा, बायकू म्हनली भावकीत लग्नाला चला, म्या म्हनलं एसटीच न्हाई!" अश्विनी कितीतरी दिवसांनी हसली.

सकाळी तो माझ्याबरोबर केंद्रावर आला. मी नको म्हणत होतो. दाराला टेकून उभा राहिला. कोंडिबाचा नंबर आला. त्याने किटलीत नाक घातले, मला दिली. मी वास घेतला. ठीक. मापात ओतले. मापातून कॅनमध्ये ओतणार, तेवढ्यात गोरख म्हणाला,

"ओ मामा! थांबा, थांबा. ह्ये दूध हाय का ताक? हितवर वास येतोय की."

मी म्हणालो, "काय बोलतोस? मी आत्ता बघितलं."

"काय बघितलं? नाक फुटायची येळ आली माजं!" तो हसत होता. मग त्याने आजूबाजूला बघितले आणि त्याचे हसणे थांबले, कारण दुसरे कोणीच हसत नव्हते.

कोंडिबाने टोपी काढली. नाक ओढत म्हणाला, "आनंदराव, चूक माजी. दोन दिस झालं पडसं धरलंय, मला काय कळंना. कारभारणीला हुंगायला सांगायचं इसरलो."

"तुझ्या बायकोनं हुंगायचा संबंध काय? मी कशाला बसलोय हितं?"

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी कोंडिबाच बोलला. भांडखोर माणूस, पण आवाज असा काढला की मला तो जास्त लागला.

"तुमचं नाक गेलंया, आनंदराव. आजारपनात. सूनबाईनं घराघरात यिऊन सांगितलं. म्हनली, मामांना ठाऊक न्हाई, त्यांना कळू दिऊ नका. आपापलं दूध आपापल्या घरी हुंगून न्या. आत्या गेल्यात, आता त्यांना केंद्र तेवढंच ऱ्हायलंय. आमी समद्यांनी तिला शबूद दिलता."

मी मापातले दूध बाजूच्या बादलीत ओतले. उरलेल्या सतरा किटल्या घेतल्या. प्रत्येकाने आपली हुंगून दिली आणि मी झाकण उघडून नाक लावले नाही. वही पुरी केली. मग घरी आलो.

अश्विनी आत होती. मी फडताळ उघडले. हिंगाची डबी नाकाला लावली. रॉकेलची बाटली. लसूण ठेचून. शेवटी फिनेल. नाकातून थंड हवा आत गेली, बाकी काही नाही. ती दारात येऊन उभी होती.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"लुगड्याच्या दिवशी संशय आला. दूध करपलं त्या दिवशी नक्की कळलं. माझंपण तसंच झालं होतं मामा. दीड महिना. मग वास आपोआप परत आला."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने पुढे येऊन फिनेलची बाटली माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगत होता, आत्या गेल्या म्हणून तोंडाची चव गेली. त्यावर मी काय सांगू? तसं न्हाई, तुमचं नाक गेलंय, असं?"

१७ नोव्हेंबर

हनुमंतरावांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. राजीनामा लिहूनच नेला होता. त्यांनी वाचला नाही. म्हणाले, "तुमच्या सुनंनं मला पन सांगितलं व्हतं. नाक गेलं तर गेलं. चमचा घ्या, दिवा घ्या, उकळून बघा. समदं जग तेच करतंय." आज दोन्ही वेळेला चमचा वापरला. प्रत्येक किटलीचे उकळायचे, रांग रस्त्यापर्यंत गेली. कोणी कुरकुरले नाही. कुरकुरले असते तर बरे वाटले असते.

गाव माझ्या पाठीमागे काही ठरवते आहे हा माझा संशय खोटा नव्हता. तेवढाच एक खरा निघाला.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

भोरला दवाखान्यात गेलो, मी, अश्विनी आणि गोरख. डॉक्टर बाई तरुण आहेत. अश्विनीच्या बोटाला यंत्र लावून व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला लावले. निघताना ऑक्सिजन ९७ होता, चौथ्या मिनिटाला ९० झाला. नाडी एकशे चाळीसच्या पुढे. भिंतीला धरून उभी राहिली. मी आकडे वाचणारा माणूस आहे. दोन महिने मी जे नाटक समजून लिहिले ते त्या यंत्रावर लाल अक्षरात दिसत होते.

बाई म्हणाल्या, "आता तुम्ही."

मी म्हणालो, मला काही नाही, वय झाले आहे. त्यांनी ऐकले नाही. मीही सहा मिनिटे पुरी केली नाहीत.

बाईंनी सांगितले की आजार निघून जातो पण काही जणांत मागे असे राहते. धाप, थकवा, केस जाणे, विसरणे, वास जाणे. लवंग, लिंबू, निलगिरी असे रोज दोनदा हुंगायला सांगितले. येईल का विचारले तर म्हणाल्या, "येतो बऱ्याच जणांना. तुम्हाला सहा महिने होऊन गेले, खात्री देत नाही." अश्विनीला छातीचा फोटो, औषध, आणि जमेल तेवढेच काम. दुपारी झोपायचे म्हणाल्या. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितले.

मी विचारले, जेवणाची चव गेली तीही यामुळेच का? त्या म्हणाल्या, हो, चव म्हणजे बरीचशी वासच असतो.

इथे एक लिहितो. मला बाईंचा राग आला. सहा महिने मी प्रत्येक घासाला समजत होतो की ही साळूची आठवण आहे. तो नुसता आजार होता, तर मग मी तिचे दुःख केले ते कुठे?

२० नोव्हेंबर

पेटी उघडली. लुगडे होते तसे होते. अश्विनीला हाक मारून, वास आहे का बघ, असे सांगावे असे मनात आले. हाक मारली नाही. वास आहे, असे धरून चालतो. पेटी लावली.

२१ नोव्हेंबर, रविवार

धनाजी आला. सगळे ऐकून माझ्याशी दिवसभर बोलला नाही. जेवताना म्हणाला, "अण्णा, एकदा तिला विचारायचं तरी." एवढेच.

मी अश्विनीला म्हणालो की आता हिर्डोशीला जायची गरज नाही. पिशवी उचलून आत ठेवली.

ती पिशवी तिने परत बाहेर आणली. "मी जाते मामा. आता खरंच जाते. दमले मी." आवाज चढवला नाही. पण तिने माझे ऐकले नाही, असे पहिल्यांदाच झाले.

गोरख म्हणाला, पाठीवर घेऊन जाईन, लहानपणी नेत होतो. ती म्हणाली, "तवा मी सात वर्षांची व्हते. आता तुझीच कंबर मोडंल."

२३ नोव्हेंबर, मंगळवार

हिर्डोशीहून आत्ताच आलो. दवाखान्याची कागदे, औषधे नीट समजावून द्यावीत म्हणून बरोबर गेलो, असे धनाजीला सांगितले. केंद्र आजच्यापुरते कोंडिबाकडे दिले आहे. पडसे बरे झाले आहे त्याचे. सकाळी त्याने पहिली स्वतःचीच किटली परत पाठवली म्हणे, आणि मग दिवसभर ते सगळ्यांना सांगत बसला.

वडाप रस्त्याला सोडून गेली. तिथून चढ. गोरख सामान घेऊन पुढे. मी अश्विनीची पिशवी घेतली. शंभर पावले गेलो की ती थांबे, आणि ती थांबली की मला बरे वाटे, कारण मलाही थांबायचे असे. चौथ्या वेळी दोघेही एका सपाट दगडावर बसलो. खाली धरणाचे पाणी. वरून गोरख ओरडला, "लगीनघाई न्हाई! दिस मावळायच्या आत आलात तरी चालंल!"

अश्विनी म्हणाली, "मामा, दादाला तुम्ही इश्रांतीसाठी नव्हतं ना बोलावलं?"

"नाही."

"दुधाचा संशय होता?"

"होता."

"लुगड्याचा पण."

"हो."

तिचा श्वास अजून वरखाली होत होता. ती म्हणाली, "आणि आत्या गेल्या आन् मी आले, त्याचा?"

हे मी कुणाशी बोललो नव्हतो. या डायरीत आहे, आणि डायरी मी कुलपात ठेवतो. मी मान हलवली. खोटे बोलता आले नाही.

ती पाण्याकडे बघत राहिली. म्हणाली, "खिडकीजवळचा बेड मला दिला होता. आत्या म्हणाल्या, मला दाराशी चालंल, तू वाऱ्याला झोप. मी बदलून घ्यायला पाहिजे होतं. मी घेतलं नाही. माझ्यात ताकदच नव्हती." मग म्हणाली, "तुमचा होता तोच संशय मला माझा हाय मामा. रोज येतो."

'तू वाऱ्याला झोप' हे मला साळूच्याच आवाजात ऐकू आले. साळू तसेच म्हणाली असणार.

मी म्हणालो, "तिचा शब्द मोडता येत नव्हता. मलाही कधी आला नाही."

अश्विनीने तोंडाला पदर लावला. वरून गोरखने पुन्हा हाक मारली. मी पिशवी उचलून उठू लागलो तर तिने माझी बाही धरली.

"थांबा मामा. दम बसला नाही अजून."

मी बसलो. माझाही बसला नव्हता.